नाव न सांगणाऱ्या तारबाई

समोरचा माणूस बोलत असताना तारबाईंच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत असत. नव्या माणसाला वाटे, बाईंच्या हाताला कंप आहे. तसं नव्हतं. त्या शब्द मोजत. बोलणं संपलं की आकडा सांगत. "एकवीस झाले. सात पुरले असते." त्यात राग नसे, चेष्टाही नसे. गवंड्याने भिंतीकडे पाहून ओळंबा चुकलाय म्हणावं तसं त्या म्हणत. पुष्कळांना ते आवडत नसे. मी मुंबईच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि रोज दुपारपासून दुसऱ्यांचे शब्द कापण्याचंच काम करत होतो. त्यामुळे आमचं जमलं.

त्यांनी सगळी नोकरी फोर्टातल्या तारघरात केली. आधी मोर्सच्या कडकट्ट यंत्रावर, नंतर टेलिप्रिंटरवर. निवृत्त झाल्यावर गिरगावातली भाड्याची खोली सोडून त्या मीरा रोडला, पूनम सागरच्या बाजूला, आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. नाशिकला एक भाची होती, ती दिवाळीला येऊन जाई. दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते कुणी वापरलं नाही. सोसायटीत कुणीतरी 'तारवाल्या बाई' म्हणालं, महिनाभरात त्याचं 'तारबाई' झालं. त्यांना मी एकदा विचारलं, तुम्हाला हे नाव चालतं का. "चालतं. छोटं आहे," त्या म्हणाल्या.

गेटजवळ वॉचमनच्या केबिनला लागून एक फळा होता. त्यावर पाण्याची वेळ लिहायची असे. त्या वर्षांत आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येई आणि वेळ बदलत राही. सेक्रेटरी खानविलकर बँकेत नोकरीला होते. सकाळी निघायच्या घाईत ते कसंबसं काहीतरी खरडत, ते वॉचमनलाही वाचता येत नसे. तारबाईंनी त्यांच्याकडून खडूचा डबा मागून घेतला. सुरुवातीला फक्त पाणी होतं. मग लिफ्ट बंद असल्याची सूचना आली. मग 'बी विंगमधल्या आजी गेल्या. अकराला नेणार.' असंही येऊ लागलं. दोनतीन महिन्यांनी खाली बातम्या सुरू झाल्या. रोज चार ओळी, मराठीत, त्याखाली हिंदीत. बाई तीन पेपर घेत आणि सहाच्या आत वाचून काढत. साडेसहाला ओल्या फडक्याने फळा पुसून त्या लिहायला उभ्या राहत. स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षाची वाट बघत माणसं तो फळा वाचत. पहिल्या पानावरची अडीच कॉलमांची बातमी त्या नऊ शब्दांत बसवत आणि त्यात काही राहून गेलंय असं वाटत नसे. आमच्या डेस्कवरही हे जमणारे दोघेच होते.

फळ्यावर खालून वीतभर अंतरावर त्यांनी एक आडवी रेघ ओढली होती. रेघेखालची जागा मोकळी. दोरीला बांधलेला खडूचा तुकडा खाली लोंबत असे. ज्याला पटत नाही त्याने तिथे लिहावं, असा नियम त्यांनीच केला. लोक लिहीत. 'लिफ्ट का काम कब होगा?' 'तिसऱ्या मजल्यावर कचरा कोण टाकतं ते आम्हाला माहीत आहे.' कुणी बातमीवर लिहीत नसे. तारबाई दुसऱ्या दिवशी रेघेवरचं सगळं पुसत, रेघेखालचं पुसत नसत. "ते माझं नाही," म्हणत. लिहिणाऱ्याने स्वतः पुसावं, नाहीतर पावसाने.

गेटसमोर अन्सारीभाईंचं शिंपीकामाचं दुकान होतं. लिहून झालं की तारबाई तिथे बसून चहा घेत. मीही सकाळी मोकळा असे, जाऊन बसे. बाई माझ्या पेपरचा हिशेब तिथे घेत. "आज पहिल्या पानावर 'खंबीर' सात वेळा आलाय. बाकी बातमी काय?" मी म्हणे, मी लिहिलेलं नाही ते, वार्ताहराने लिहिलंय. "मग तुम्ही काय करत होता?" अन्सारीभाई मान वर न करता म्हणत, "बाई, इनको छोड़ दो, बेचारे की नौकरी जाएगी।" बाई म्हणत, "जाणार नाही. कापल्याबद्दल कुणाची नोकरी जात नाही. ठेवल्याबद्दल जाते."

दोन हजार एकच्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि देशाचं सैन्य पश्चिम सीमेवर जाऊन उभं राहिलं. ते दहा महिने उभं होतं. युद्ध झालं नाही, पण त्या दहा महिन्यांत सगळीकडे बोलणं युद्धातलंच होतं. आमच्या पानांचे मथळे वाढले. गेटवर झेंडा लागला. सीमेवर मैलोन् मैल सुरुंग पेरण्याचं काम चाललं होतं, आणि ते पेरताना स्फोट होत होते. हे छापून येत नव्हतं असं नाही. आतल्या पानांवर एकदोन ओळी येत. अमुक जिल्ह्यात स्फोट, इतके जवान मृत्युमुखी, इतके जखमी. मग आठवड्याने पुन्हा एक ओळ. बेरीज कुणी करत नव्हतं. मीसुद्धा त्या ओळी पानाच्या तळाशी, जागा उरेल तिथे लावल्या आहेत.

पुढे जे झालं ते नीट कळावं म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मला ती त्या वेळी ठाऊक नव्हती. तारबाईंच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर सुर्वेवहिनी राहत. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा सुभाष लष्करात, त्या वेळी राजस्थानात. मार्चमध्ये त्याचं एक पत्र आलं. छावणीच्या टपालाने नाही, रजेवर निघालेल्या मित्राच्या हाती पाठवलेलं. सुरुंग पेरताना त्याच्या तुकडीतली माणसं कशी गेली, ते त्यात होतं. 'तुला हे लिहायला नको, पण दुसरं कुणाला लिहू,' असं शेवटी होतं. वहिनींना ते पत्र एकटीने घरात ठेवून बसवेना. त्या जिना चढून वर गेल्या आणि त्यांनी ते तारबाईंच्या हातात दिलं. सुभाष आता निवृत्त होऊन गावी घर बांधून राहतो. त्याला आणि वहिनींना विचारून मी हे लिहितो आहे. दोघांनी हो म्हटलं.

तारबाईंनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. वहिनी म्हणाल्या, "कुणाला सांगू नका हं. त्याची नोकरी जाईल. चौकशी लागेल." तारबाई म्हणाल्या, "नाव सांगणार नाही." वहिनींना वाटलं, झालं. वचनात काय नव्हतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. बाईंचे शब्द नेहमी मोजकेच असत.

दोन दिवसांनी तारबाई मला अन्सारीभाईंच्या दुकानात म्हणाल्या, "पेपरवाले, सुरुंगांनी किती माणसं गेली आजवर? एकूण?" मी म्हणालो, एकूण आकडा कुणी दिलेला नाही. "तुम्ही विचारलंत?" मी म्हणालो, अधिकृत दुजोरा लागतो. "दुजोरा कोण देणार? ज्याने पेरायला सांगितलं तोच ना?" त्या दिवशी मी ऑफिसात वृत्तसंपादकांना म्हटलं की आतल्या पानांवरच्या ओळी एकत्र करून एक बातमी करता येईल. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता नको." दुसऱ्या दिवशी मी बाईंना तेच सांगितलं. त्यांची बोटं हलली. "आत्ता नको. दोन शब्द. चांगली तार आहे."

एकाहत्तरच्या युद्धातली गोष्ट त्यांनी मला त्याच सकाळी सांगितली, एकदाच. युद्धात कामी आलेल्यांच्या घरी तारा जात. सातारा, रत्नागिरीकडच्या काही तारा त्यांच्या टेबलावरून पुढे जात. समोरच्या टेबलावर त्यांची मैत्रीण बसे. एक दिवस तिच्या सख्ख्या भावाची तार यांच्या हातात आली. पत्ता गावचा, वडिलांच्या नावे. तारेतला मजकूर बाहेर बोलायचा नाही, ही नोकरीतली पहिली अट. यांनी तार पुढे पाठवली आणि समोर काही बोलल्या नाहीत. मैत्रिणीला दोन दिवसांनी गावाहून कळलं. "नियम बरोबर होता," तारबाई म्हणाल्या. "पण ते दोन दिवस मी तिच्याबरोबर डबा खाल्ला." मी विचारलं, मैत्रीण पुढे काय म्हणाली. "पुढे बोलली नाही. तीन वर्षं समोर बसत होती."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाण्याच्या वेळेखाली असं लिहिलेलं होतं: 'युद्ध सुरू नाही. तरी सुरुंग पेरताना जवान मरत आहेत. किती? सरकारने सांगावे.' खाली हेच हिंदीत.

पहिल्या दिवशी लोक थांबले, वाचलं, गेले. तारबाईंनी दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी रेघेखाली कुणीतरी लिहिलं: 'बुढ़िया को बॉर्डर पर भेजो।' तारबाईंनी ते पुसलं नाही. चौथ्या दिवशी त्यांचा प्रश्न पुसून त्यावर कुणी चुन्याने झेंडा काढून ठेवला होता. त्यांनी झेंड्याच्या खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात प्रश्न पुन्हा लिहिला. झेंड्याला हात लावला नाही.

त्या आठवड्यात वहिनी पुन्हा वर गेल्या होत्या. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. "तुम्ही मला शब्द दिला होतात," वहिनी म्हणाल्या. तारबाई म्हणाल्या, "नाव कुठे लिहिलंय?" वहिनी रडायला लागल्या. "मजकूर तर तोच आहे ना? कुणी विचारलं तर? सगळ्यांना माहीत आहे, इथे बॉर्डरवर माझाच मुलगा आहे." तारबाई म्हणाल्या, "वहिनी, मजकूर सगळ्यांचा आहे. नाव तुमचं आहे. ते माझ्याकडे राहील." वहिनींना हे समजलं, पण पटलं नाही. पोर सुरुंगांत उभं असलेल्या आईला ते कसं पटावं, असं मला आता वाटतं. तारबाईंनी त्यांना न विचारता लिहिलं, ही बाईंची चूक होती. ती चूक होती हे मी त्यांना कधी म्हणालो नाही, आणि त्यांनीही ती कबूल केली नाही.

रविवारी सकाळी या फळ्यावरून पार्किंगमध्ये सभा झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधोमध टेबल, टेबलावर सह्यांचा अर्ज. खानविलकर वाईट माणूस नव्हते. त्यांना सगळ्यांनी भांडण न करता घरी जावं, एवढंच हवं होतं.

"तारबाई, प्रश्न विचारायला आमची कुणाची ना नाही," ते म्हणाले. "पण आत्ता? आपली मुलं तिकडे उभी आहेत."

"म्हणूनच आत्ता," बाई म्हणाल्या.

"सगळं संपू दे ना. मग विचारा की."

"संपल्यावर विचारायला सोपं आहे. तेव्हा कुणाला वाचवायचं नसतं."

मागून एक तरुण म्हणाला, "आंटी, बॉर्डर पे जाके देखो पहले, फिर बोलो।" बाई मागे वळल्या. "तू जाके आया? नाही ना? म्हणजे आपण दोघंही पेपर वाचूनच बोलतोय. बस." दोघंतिघं हसले. हसणं लगेच थांबलं.

खानविलकरांनी मग खरा प्रश्न विचारला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पेपरात येतं. आतल्या पानावर."

"पेपरात एकदोन असतात. तुम्ही तर असं लिहिलंत जसं काही रोज मरतायत. कुणीतरी सांगितल्याशिवाय तुम्ही लिहिणार नाही. आम्ही ओळखतो तुम्हाला. कोण आहे ते सांगा, म्हणजे आपण त्याच्याशी बोलू. नाहीतर मग ही अफवा झाली, बाई. आणि या दिवसांत अफवा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको."

सुर्वेवहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. पदर तोंडावर धरलेला. तारबाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या समोर टेबलाकडे पाहत म्हणाल्या, "सांगणार नाही."

"म्हणजे अफवा."

"तुम्ही काहीही म्हणा."

खानविलकरांनी अर्ज वाचला. फळ्यावर देशाविरुद्ध मजकूर लिहिला जातो, तो बंद व्हावा. मग सह्या वाचल्या. पहिली त्यांची स्वतःची होती. दुसरी सुर्वेवहिनींची. नाव वाचलं गेलं तेव्हा माझं लक्ष तारबाईंच्या हाताकडे होतं. बोटं थांबलेली होती. सह्या एकूण पस्तीसच्या वर होत्या. माझी नव्हती. पण मी त्या सभेत होतो, आतल्या पानांवरच्या ओळी मीच लावल्या होत्या, त्या खऱ्या आहेत हे मला माहीत होतं, आणि मी उठून बोललो नाही. अन्सारीभाईंचं दुकान सोसायटीत नव्हतं, म्हणून त्यांना सभेला बोलावलेलं नव्हतं. ते गेटबाहेर उभे राहून ऐकत होते. सभा संपल्यावर ते बाईंना म्हणाले, "बाई, आपने लिखा तो मीटिंग हुई। मैं लिखता तो मीटिंग नहीं होती।" बाई म्हणाल्या, "माहीत आहे. म्हणून तर मी लिहिलं."

ठराव झाला: फळ्यावर फक्त पाणी, वीज आणि लिफ्ट. खाली सेक्रेटरीची सही. रेघ पुसायची. तारबाईंनी खडूचा डबा टेबलावर ठेवला. खानविलकर खाली बघून म्हणाले, "लिहा तुम्हीच. तुमच्यासारखं अक्षर कुणाचं आहे? आणि सहाला उठणार कोण?" मला वाटलं, बाई आता उठून जातील. त्यांनी डबा परत उचलला. पुढचं दीड वर्ष त्या रोज साडेसहाला फळा पुसून लिहीत राहिल्या: 'पाणी सकाळी सहा ते आठ.' या पाचांतलाही एखादा शब्द कमी करता येईल का, असा विचार करत असतील. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दीड वर्षात कुणी त्यांना वाईट बोललं नाही. बोलणंच कमी झालं. फळ्यापाशी कुणी थांबेना, पाण्याची वेळ चालता चालता वाचता येते. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्या मुली तिसऱ्या मजल्यावर तीनच बेल वाजवून खाली आल्या, घरं चार होती. उन्हाळ्यात आमच्याकडे मुख्य दार उघडं ठेवून बाहेरचं जाळीचं दार लावायची पद्धत आहे. वारा येतो, आणि जाणारायेणारा दोन शब्द बोलतो. तारबाईंचं दार पूर्वीसारखं उघडं असे. आत त्या पेपर वाचत बसलेल्या दिसत. वर जाणारी माणसं त्या वळणावर एकमेकांशी बोलू लागत, म्हणजे आत बघावं लागू नये.

सुर्वेवहिनींचं तर असं झालं की जिन्यावर तारबाईंची पावलं ऐकू आली की त्या कडी लावून आत थांबत. पावलं खाली उतरेपर्यंत. एकदोनदा दाराशीच गाठ पडली, दोघी पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. त्यानंतर तारबाई घराबाहेर पडताना छत्री घेऊ लागल्या, ऊन असो नसो. तिसऱ्या मजल्यावरून निघाल्या की छत्रीची मूठ कठड्यावर आपटत येत. मला आधी वाटलं, गुडघे दुखतात, आधार घेत असतील. एकदा मी बरोबर होतो म्हणून विचारलं. "वहिनींना कळायला हवं मी येतेय ते," त्या म्हणाल्या. "दार लावायला वेळ मिळतो."

ऑक्टोबरात सैन्य परत निघालं. सुभाष दिवाळीला रजेवर आला, धडधाकट. वहिनींनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. तारबाईंच्या जाळीच्या दाराला एक प्लास्टिकची पिशवी अडकवलेली होती. बेल वाजली नव्हती. त्यांनी पेढे खाल्ले, मला दिले, अन्सारीभाईंना दिले. "पोरगा आला," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर त्या दिवशी जे होतं, त्याला मी आनंद म्हणेन, पण तो दाखवायला त्यांच्याकडे माणसं दोनच होती.

पुढच्या वर्षी संसदेत कुणीतरी लेखी प्रश्न विचारला आणि सरकारने उत्तरात आकडे दिले. माझ्याच टेबलावर ती बातमी आली. मी ती पहिल्या पानावर सुचवली, ती आत गेली. सकाळी मी पेपर घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी बातमी दोनदा वाचली. चष्मा पुसून आकडा तिसऱ्यांदा वाचला.

"बेरीज येत होती तर त्यांना," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, फळ्यावर लिहा. आता सरकारनेच सांगितलंय, आता कोण काय बोलणार.

"फळ्यावर फक्त पाणी," त्या म्हणाल्या. "ठराव आहे." मग, माझ्याकडे न बघता, "लिहिलं तर लोक विचारतील, तुम्हाला आधी कसं माहीत होतं. पुन्हा तेच. ज्याचं नाव नाही सांगितलं, तो अजून नोकरीत आहे."

त्यांचे गुडघे त्या पावसाळ्यात खरोखरच गेले. लिफ्ट महिन्यातून आठ दिवस बंद असे. नाशिकच्या भाचीने येऊन घर विकायचं ठरवलं आणि बाईंनी नको म्हटलं नाही. सामान थोडं होतं, एका छोट्या टेम्पोत मावलं. रविवार सकाळ होती म्हणून खाली माणसं होती. खानविलकर पुढे होऊन हमालांना सूचना देत होते. कुणी कपाट धरलं, कुणी खुर्ची आणून दिली. सगळ्यांनाच थोडं मोकळं वाटत असावं. अन्सारीभाईंनी प्रवासासाठी उशीला नवा अभ्रा शिवून आणला होता.

तारबाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसत होत्या, तेवढ्यात सुर्वेवहिनी जिन्यातून आल्या. पायात चप्पल नव्हती. त्या सरळ टेम्पोपाशी गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "खानविलकर, ऐका. सगळ्यांनी ऐका. यांनी अफवा पसरवली नव्हती. पत्र आलं होतं. माझ्या सुभाषचं पत्र होतं ते. मीच यांना वाचायला दिलं होतं, आणि मीच सही केली."

हमाल थांबले. खानविलकरांनी तारबाईंकडे पाहिलं. "हे खरं आहे, बाई?"

मला त्या क्षणी वाटलं की आता हे मिटलं. बाईंना फक्त मान हलवायची होती.

तारबाईंनी वहिनींकडे पाहिलं. नीट, बराच वेळ. दीड वर्षात पहिल्यांदा दोघी एकमेकींसमोर एवढा वेळ होत्या. मग त्या म्हणाल्या, "कसलं पत्र? मला नाही आठवत काही."

"तारबाई—"

"वहिनी, तुम्ही पोराच्या काळजीत होतात. काहीतरी घोटाळा होतोय तुमचा." आणि ड्रायव्हरला, "चल रे बाबा. घोडबंदरच्या रस्त्याला गाडी अडकेल."

टेम्पो गेटबाहेर पडून मुख्य रस्त्याला लागला. खानविलकर हळूच म्हणाले, "बघा. म्हणजे पत्रबित्र काही नव्हतंच. मी तेव्हाच म्हणालो होतो." दोघाचौघांनी मान हलवली. एक जण म्हणाला, जाऊ द्या, आता गेल्या बिचाऱ्या. माणसं पांगली.

सुर्वेवहिनी तिथेच उभ्या होत्या. मी जवळ गेलो, कारण दुसरं कुणी गेलं नाही. त्या टेम्पो गेला त्या रस्त्याकडे पाहत होत्या.

"चारचौघांत मला खोटं पाडून गेल्या हो," त्या म्हणाल्या. आणि मग पायरीवर बसून रडल्या.